बाल कल्याण समितीकडे बाळ सोपवण्याची सोय

फी एक रुपयाही नाही, जाहिरात कुठेच नाही, आणि जिला गरज पडते तिला अशी काही सोय आहे हे बाळंत होऊन दोन दिवस उलटल्यावर कळतं. बाळ सांभाळणं शक्य नसलेल्या आईसाठी बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 35 ने ही वाट ठेवली आहे: बाळ जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेऊन रीतसर सोपवायचं. कायद्यात तिला समर्पण म्हणतात, वॉर्डात सगळे ‘सरेंडर’च म्हणतात. नियम चांगले आहेत. घोळ होतो तो बाळंतपणाचा वॉर्ड आणि समितीची खोली यांच्या मधल्या अंतरात.

पहिल्यांदा एक फरक समजून घ्या. बाळ देवळाच्या पायरीवर ठेवलं की ते ‘परित्यक्त’ ठरतं. मग पोलिसांचा शोध सुरू होतो आणि बाळाच्या फोटोसकट पेपरात नोटीस येते. आईने स्वतः समितीपुढे सोपवलं तर नोटीस काढायला मनाईच आहे. म्हणजे ज्या बदनामीच्या भीतीने बाळ रस्त्यावर ठेवलं जातं, ती टाळायची सोय समितीकडेच आहे. नाव-पत्ता फोडणं हा कलम 74 खाली गुन्हा आहे.

शक्यतो सातव्या-आठव्या महिन्यातच सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठावं, नाहीतर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा. आधीपासून नोंद असली की सुटी मिळते त्या दिवशी धावपळ होत नाही. सोबत आईचं ओळखपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि बाळाच्या जन्माची रुग्णालयाची नोंद ठेवा. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. बैठक नसलेल्या दिवशी एकट्या सदस्यापुढेही बाळ हजर करता येतं. हे ठणकावून सांगावं लागतं, कारण शनिवारी दुपारी ‘सोमवारी या’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि तेवढ्या दीड-दोन दिवसांत मध्यस्थ उगवतो.

तो बहुतेकदा आतलाच असतो. वॉर्डातली मावशी हळूच म्हणते, “माझ्या ओळखीत एक घर आहे, मूलबाळ नाही, माणसं चांगली आहेत, तुझा खर्चही निघेल.” खर्चाची गोष्ट निघाली की तिथून उठावं. पैसे घेऊन बाळ देणं-घेणं कलम 81 खाली येतं: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख दंड, आणि बाळ ज्याच्या ताब्यात आहे त्याने, त्यात रुग्णालयाचा कर्मचारीही आला, हे केलं तर तीन ते सात वर्षं. दुसऱ्या बाईच्या नावावर बाळंतपण नोंदवून घ्यायचा सल्लाही मिळतो. त्याने बाळाचा पहिलाच कागद खोटा होतो. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने ओळखीच्या घरी थेट दत्तक देता येतं, पण तिथेही पैसे घेणं बेकायदाच, आणि समितीकडे मिळतात तसे परत विचार करायला 60 दिवस मिळत नाहीत.

हे 60 दिवस म्हणजे या सोयीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. समर्पणाच्या दस्तावर सही झाली त्या दिवसापासून मोजायचे, बाळाच्या जन्मापासून नव्हे. तेवढ्या मुदतीत आईचं मन बदललं तर समितीकडे लेखी अर्ज करून बाळ परत मागता येतं. दस्ताची प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. घरात कुणाच्या हाती लागायची धास्ती असेल तर विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. तारीख त्या प्रतीवरच असते, आणि ती हाताशी नसली की 58 वा दिवस की 61 वा यावरच वाद होतो. पुण्यात 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या बाईने मूल न्यावं की ठेवावं हे तिच्यावरच सोडलेलं होतं. आजच्या नियमाचा गाभा त्याहून फार वेगळा नाही.

सहीवरून सगळ्यात जास्त प्रकरणं अडतात. लग्न झालेलं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. एक जण वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नवरा सोडून गेलाय आणि ठावठिकाणा नाही, तर बाळ समर्पित न धरता परित्यक्त धरलं जातं, म्हणजे पेपरातली नोटीस आलीच. आजी किंवा मामाने आणून दिलं तरी तेच. अविवाहित आईची मात्र स्वतःची सही पुरते. ती 18 च्या आतली असेल तर सोबतची सज्ञान व्यक्ती साक्षीदार म्हणून सही करते, पण तिथे पोक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे, पोलिसांना कळवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. ‘कुणाला कळणार नाही’ असं तिला कुणी सांगू नये.

सहीआधी समुपदेशन होतं. त्यात बाळ ठेवण्यासाठी काय मदत मिळू शकते तेही सांगायचं असतं. चांगला समुपदेशक अर्धा तास नुसता ऐकतो, वाईट असला तर पहिल्याच वाक्यात “आई असून कसं जमतं?” विचारतो. असा प्रश्न आला तर दुसरा समुपदेशक मागा.

दस्तावर एक रकाना घाईत सुटतो: मूल मोठं झाल्यावर शोधत आलं तर आपली ओळख त्याला सांगावी की नाही. विचार करून खूण करा. ‘नको’ म्हटलं असेल तर संमती घेतल्याशिवाय ओळख सांगितली जात नाही. सोडण्यामागचं कारण तेवढं मुलाला कळू शकतं. घराण्यातले आजार, गरोदरपणातली औषधं, रक्तगट हे सगळं खरं सांगावं. मुलाला पुढे डॉक्टरकडे हीच माहिती लागते.

60 दिवसांनंतर किमान तीन सदस्यांच्या सहीने बाळ दत्तकासाठी मोकळं होतं, आणि कुटुंब ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या यादीतून ठरतं. आईला घर निवडता येत नाही, फोटो येत नाहीत, खुशाली कळत नाही. ही या सोयीची मोठी उणीव, आणि ती सहीआधी सांगणारे थोडेच.

आणखी एक गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो, बाळ जवळ असो वा नसो. आधार देणारी घट्ट ब्रा घालावी, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, ठणका असह्य झाला तर आराम पडेल एवढंच दूध हाताने काढावं. सगळं काढलं की आणखी येतं. दूध आटवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच. स्तनावर लाल, दुखरी गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डिस्चार्ज देताना सिस्टरबाईंनी हे सांगायला हवं. नाहीच सांगितलं तर आपणच विचारावं.