घरी गाडी पॉलिश करायची तर: हात, रोटरी की डीए? आणि वरून वॅक्स की सीलंट?

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) आटोपते, पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं पहिलं कडक ऊन पडतं आणि तेव्हा गाडीचा रंग खरा दिसतो. रबरी पट्ट्यांच्या कडेचं हिरवं शेवाळ, माडाची चुडतं घासून उठलेल्या रेघा, चाकांनी उडवलेली तांबडी माती. बॉनेटवर सूर्य चमकतो त्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसायला लागतात.

यंदा आमच्याकडे हा प्रश्न दोन गाड्यांनी आणला. एक माझी गडद निळी सेडान, फोंड्यात आंब्याच्या झाडाजवळ उभी राहणारी. दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची पांढरी हॅचबॅक. ती वास्कोत उघड्यावर असते आणि बंदरात उतरणाऱ्या कोळशाची काळी भुकटी तिच्यावर रोज बसते. बहिणीने फोन करून विचारलं, "दादा, पॉलिशिंग मशीन घेऊ का? आणि घेतलं तर कुठलं?" दोन्ही गाड्यांना एकच उत्तर लागू होत नाही हे तिला सांगताना माझ्याही नीट लक्षात आलं.

मशीनकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पॉलिश आणि वॅक्स ही दोन वेगळी कामं आहेत. वॅक्स रंगावर थर चढवतं. पॉलिश रंगावरचा थर काढतं. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडा जातो म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. हलक्या पॉलिशने मायक्रॉनभर जातो, जोरदार कंपाउंडने, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशने, दोन-तीन. गेलेला परत येत नाही. म्हणून 'दर पावसाळ्यानंतर एकदा बफिंग मारून घ्या' (म्हणजे मशीनने पॉलिश करून घ्या) हा सल्ला मला मुळीच पटत नाही. क्लिअर कोट फार पातळ झाला की आपल्याकडच्या उन्हात तो आधी टपावर आणि बॉनेटवर पांढुरका पडून पापुद्र्यासारखा सुटतो. मग नव्याने रंगवण्याशिवाय मार्ग राहत नाही.

मुळात पॉलिश लागणार आहे का, हे घरच्या घरी कळतं. धुतलेल्या गाडीवरच्या ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे आणि पॉलिशने जाणार नाही. जायला गेला तर क्लिअर कोट घेऊन जाईल. नख अडकलं नाही पण टॉर्चच्या उजेडात जाळं दिसतं, तर ते पॉलिशचं काम. आता हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून फिरवा. बारीक वाळूसारखी खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलं आहे: ब्रेकचे लोखंडी कण, कोळसा, झाडाचा चीक. ते काढायला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा मऊ मातीसारखा तुकडा, लागतो. भरपूर शाम्पूच्या पाण्यात, अजिबात दाब न देता फिरवायचा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा.

बहिणीच्या गाडीची मुख्य तक्रार हीच निघाली. पांढऱ्या रंगावर जाळं फारसं दिसत नाही, पण खरखर हाताला स्पष्ट लागत होती. माझ्या निळ्या गाडीचं उलट. हाताला काचेसारखी गुळगुळीत, आणि उन्हात बघवत नव्हती.

हात, रोटरी, डीए

हाताने पॉलिश करण्याला मी कमी लेखत नाही. दाराच्या हँडलमागच्या वाटीत नखांनी पडलेल्या रेघा, आरशाच्या बाजूची चिंचोळी जागा, पार्किंगमध्ये लागलेला दुसऱ्या गाडीचा रंग, या ठिकाणी फोमचा छोटा ॲप्लिकेटर आणि सौम्य पॉलिश पुरतं. पण अख्खं बॉनेट हाताने करायला घेतलं की अडचण कळते. बोटांचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही, दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि जाळं अर्धवटच जातं. एक-दोन डाग असतील तर हात, पूर्ण गाडी असेल तर मशीन.

मशीनमध्ये दोन जाती. रोटरी म्हणजे पेंटरकडे दिसतं ते, पॅड एकाच आसावर गरगर फिरवणारं. डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी लहान वर्तुळात डगमगतंही. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण नवशिक्याच्या दृष्टीने सगळा फरक यातच आहे.

रोटरीचं पॅड काहीही झालं तरी फिरतच राहतं. तुम्ही दाबलं, तिरकं धरलं, एका जागी थांबलात, ते थांबत नाही. सगळी उष्णता तेवढ्याच जागी साठते. काही वर्षांपूर्वी मी भाड्याने आणलेल्या रोटरीने मागच्या बंपरच्या कोपऱ्यावरचा रंग जाळला. तीन-चार सेकंदच थांबलो होतो. आधी वास आला, मग खालचं काळं प्लास्टिक दिसलं आणि बंपर पुन्हा रंगवावा लागला. पत्रा निदान उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं. शिवाय कडांवर आणि उठावाच्या रेघांवर रंग मुळातच पातळ असतो. दुसरा त्रास होलोग्रामचा: सावलीत गाडी आरशासारखी दिसते आणि उन्हात नेली की पॅडच्या वाटा रिबिनीसारख्या चमकतात. लोकरीचं पॅड वापरलं की हमखास. रोटरी वाईट यंत्र आहे असं मी म्हणणार नाही. सँडपेपर मारलेला नवा रंग झटपट उजळायला पेंटरला तेच लागतं, आणि सरावलेल्या हातात ते उत्तम काम करतं. पण तो हात यायला भंगारातली दोन-चार बॉनेटं घासावी लागतात.

नेहमीच्या डीएचं पॅड जास्त दाबलं की फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी नुसतं थरथरतं. तिथेच तुमचा रंग वाचतो. काम हळू होतं आणि खोलवर कापत नाही, पण पहिल्याच दिवशी रंग जाळण्याची शक्यता फार कमी. कडांवर मात्र डीएनेही पातळ रंग जाऊ शकतो. तिथे पेंटरची मास्किंग टेप लावायचीच. किमतीने डीए साध्या रोटरीपेक्षा बरंच महाग पडतं आणि बहुतेकजण तिथेच अडखळतात. माझं मत विचाराल तर हाच खर्च वाचवू नये. एक बंपर रंगवायचा खर्च धरला की हिशेब फिरतो.

डीए घेताना 'थ्रो' बघा, म्हणजे पॅड किती मिलिमीटरच्या वर्तुळात डगमगतं ते. 8, 15 आणि 21 मिलिमीटर हे नेहमीचे आकडे. 21 चं मशीन मोठ्या सपाट टपावर भराभर काम उरकतं, पण हॅचबॅकच्या वळणदार दारावर त्याचं पॅड सारखं अडतं. आपल्याकडच्या गाड्यांना पाच इंची पॅड आणि 8 किंवा 15 चा थ्रो सोयीचा. आणखी एक युक्ती: बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतं त्या चकतीच्या, कडेवर मार्करने जाड रेघ ओढा. रेघ फिरताना दिसते तोवर काम चालू आहे. रेघ एका जागी थरथरताना दिसली की दाब कमी करा किंवा मशीन सपाट धरा.

घरी ग्राइंडर असेल तर त्यालाच फोमचं पॅड लावण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो, आणि रोटरीवर पॉलिश करताना आपण हजार-दीड हजाराच्या आसपास राहतो. ड्रिलला पॅड लावणं एवढं धोक्याचं नाही, पण ती शेवटी रोटरीच झाली, तीही धरायला अवघड.

मशीनइतकीच पॅडंही मोजा. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. फोम तापतो, चिखलासारखा भरतो आणि कापायचा थांबतो. मी पाच पॅडं वापरली. पॅडच्या रंगावर विसंबू नका. एका कंपनीचं केशरी पॅड दुसरीच्या केशरीपेक्षा वेगळंच कापतं. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग लिहिलंय ते वाचा.

काम करताना घाई आडवी येते. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि सौम्य पॅड घेऊन बॉनेटच्या एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा चौकोन करून बघा. जाळं गेलं तर हीच जोडी सगळ्या गाडीला. नाही गेलं तरच एक पायरी चढा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन बंद असतानाच ते रंगावर टेकवून पसरवायचे, मग चालू करायचं. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर एवढाच सरकला पाहिजे. आडवे हात, मग उभे, असे चार-पाच फेरे. मायक्रोफायबरने पुसून तिरक्या टॉर्चखाली तपासा. पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला तर थांबा: एक तर ती क्लिअर कोट नसलेली जुनी गाडी आहे, नाही तर तुम्ही कोट ओलांडला आहे. वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे ती रंगावर घासत नाही. आणि गाडी धुतलेल्या ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून मशीन चालवू नका.

मला सेडानला दोन दिवस लागले. सकाळी सात ते अकरा, पोर्चमध्ये. नंतर पत्रा तापतो आणि पॉलिश पॅडखालीच वाळतं.

वॅक्स, सीलंट की सिरॅमिक स्प्रे

पॉलिश झाल्यावर रंग उघडा पडतो, त्यावर काहीतरी चढवणं भागच आहे. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसून घ्या. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, ते निघालं की खरं काम किती झालं ते दिसतं आणि वरचा थरही नीट धरतो.

कार्नौबा वॅक्स म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगाला ते जी ऊब देतं ती मला अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही. ओल्या काळ्या दगडाची झळाळी असते ना, तशी. पण आपल्या हवेत ते टिकत नाही. महिना-दीड महिना, पावसात त्याहून कमी. दमट दिवशी ते वाळायलाही वेळ घेतं आणि जाड लावलं तर पुसता पुसता हात दुखतात. एसयूव्हीच्या बाजूच्या काळ्या प्लास्टिकला लागलं तर पांढरे ओघळ राहतात, तिथे आधी टेप लावा.

सिंथेटिक सीलंट म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम पदार्थाचा संरक्षक थर. त्याला ती ऊब नाही. झळाळी जरा काचेसारखी, थंड. पण चार-सहा महिने टिकतो. अट अशी की तो उघड्या, स्वच्छ रंगावरच लावायचा आणि नंतर कित्येक तास पाणी लागू द्यायचं नाही. नोव्हेंबरमध्ये हे सहज जमतं, जूनमध्ये नाही. सीलंटवर वॅक्स चालतं, वॅक्सवर सीलंट धरत नाही. हौस असेल तर सीलंटवर दिवाळीला कार्नौबाचा एक हात द्या. मी देतो.

सिरॅमिक स्प्रे या दोघांपेक्षा सोपा: फवारा, पसरवा, कोरड्या फडक्याने पुसा. तीनेक महिने पाणी मोत्यासारखं ओघळतं. मात्र डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाड्या चमकवून देणाऱ्या दुकानात, करतात ते सिरॅमिक कोटिंग वेगळं. नवशिक्याने किनारपट्टीच्या दमट हवेत, उघड्या पोर्चमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नये. थर कमी-जास्त वाळला तर तो पॉलिशनेच काढावा लागतो, म्हणजे पुन्हा क्लिअर कोट गेला.

यातलं काहीही लावलं तरी वटवाघळांची घाण, आंब्याचा चीक किंवा काजूच्या बोंडूचा रस दोन दिवस उन्हात राहू दिला तर डाग पडणारच. थर असला की धुवायला थोडा वेळ मिळतो, एवढंच. समुद्राच्या खाऱ्या हवेबद्दलही लोक विचारतात. धड क्लिअर कोटचं मीठ फारसं बिघडवत नाही. ते खडी लागून उडालेल्या टवक्यांतून पत्र्याला गाठतं आणि तिथून गंज पसरतो. त्यावर वॅक्स उपयोगी नाही. वॅक्सच्या आधी टच-अप पेन फिरवा.

स्टुडिओत द्यावी का? गाडी आधी एकदा रंगवलेली असेल, किंवा कोणी पूर्वी दोन-तीनदा बफिंग मारलं असेल, तर द्या. तिथे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असायला हवं, नसेल तर दुसरीकडे जा. कारखान्यातून आलेला मूळ रंग असेल तर डीए हातात धरायला घाबरू नका.

बहिणीला मी मशीन घ्यायला सांगितलं नाही. तिच्या गाडीला क्ले, आणि त्यावर वर्षातून दोनदा सीलंट, मुख्यतः एवढंच पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्या इमारतीत सकाळी सगळ्या गाड्या एकाच कोरड्या फडक्याने पुसल्या जातात, ते तिने तिच्या गाडीपुरतं थांबवलं. कोळशाची भुकटी आणि जांभ्याची धूळ कोरडी पुसणं म्हणजे रोज थोडा सँडपेपर मारणं. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग शाम्पू. येत्या रविवारी ती गाडी घेऊन फोंड्याला येणार आहे. दारांच्या हँडलमागच्या रेघा हाताने काढू, डीए फक्त बॉनेटवर एकदा फिरवू आणि सीलंट वाळेपर्यंत गाडी माझ्या पोर्चमध्येच राहील.