डॉमजज: पाच तासांच्या टीम कॉन्टेस्टसाठी कसं आहे?

कॉलेजात आयसीपीसी (कॉलेजांच्या टीम्सची आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा) धर्तीची रीजनल कॉन्टेस्ट भरवायची ठरली की पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न येतात: जेवणाला काय, आणि जजिंग, म्हणजे टीम्सचा कोड आपोआप तपासणं, कशावर. पहिल्याचं उत्तर पुण्यात सोपं आहे. दुसऱ्यासाठी डॉमजज घ्या. मात्र लिनक्स नीट येणारा एक माणूस आणि चाचणीसाठी एक अख्खा दिवस हाताशी हवा. यातलं एकही नसेल तर एखाद्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर कॉन्टेस्ट घ्या आणि त्या दिवशीच्या इंटरनेटसाठी देव पाण्यात घालून बसा.

डॉमजज हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात २००४ साली सुरू झालेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. पैसे शून्य. आयसीपीसीच्या वर्ल्ड फायनल्सलाही ते वापरलं गेलं आहे, त्यामुळे तिघांची टीम, पाच तास, चुकीच्या सबमिशनमागे २० मिनिटं पेनल्टी, शेवटचा तासभर बोर्ड फ्रीझ (स्कोअरबोर्डावर नवे निकाल न दाखवणं), हे सगळं तयारच मिळतं. त्याचे दोन भाग असतात. डॉमसर्व्हर म्हणजे वेबसाइट आणि डेटाबेस; जजहोस्ट म्हणजे टीम्सचा कोड प्रत्यक्ष चालवणारी मशीन. लोक सगळा जीव डॉमसर्व्हरवर लावतात आणि जजहोस्ट ‘लॅबमधलं कुठलंही पीसी चालेल’ म्हणून सोडून देतात. गडबड तिथेच होते.

किती जजहोस्ट लागतील याचा हिशोब कागदावर होतो. समजा ६० टीम्स आहेत आणि एका प्रॉब्लेमला ४० टेस्ट फाइल्स. बरोबर असलेला सी++ कोड सरासरी ०.३ सेकंद घेत असेल तर १२ सेकंद रन आणि ३ सेकंद कंपाइल, म्हणजे एका जजहोस्टवर मिनिटाला चार सबमिशन. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक टीमने एकेक जरी टाकलं तरी मिनिटाला सहा येणार. दोन जजहोस्ट पुरतात. पण तोच प्रॉब्लेम जावामध्ये टेस्टमागे दीड सेकंद घेत असेल तर मिनिटाला जेमतेम एक, आणि मग सहा-सात मशीन लागतात. चुकलेला कोड पहिल्या नापास टेस्टला थांबतो, त्यामुळे एवढा भार रोज येत नाही. तरी ६० टीम्सना तीन जजहोस्ट हे किमान धरा, चार असले तर निवांत.

ही मशीन एकाच मॉडेलची हवीत. टाइम लिमिट, म्हणजे कोडला दिलेली कमाल वेळ, दोन सेकंद असेल तर एकावर १.८ सेकंदात पास झालेला कोड दुसऱ्यावर २.१ सेकंदांनी टाइम लिमिट खातो आणि टीम हुज्जत घालते. तिची हुज्जत बरोबरही असते. बायोसमध्ये प्रोसेसरचा वेग आपोआप कमी-जास्त करणारं टर्बो बूस्ट आणि एका कोअरवर दोन कामं चालवणारं हायपरथ्रेडिंग बंद करा, नाहीतर शेजारच्या कोअरवर काय चाललंय त्यावर वेळ बदलत राहतो. चाचणी सोपी: परीक्षकांचं एकच सोल्यूशन दहा वेळा पाठवा, प्रत्येक वेळी कुठल्या होस्टवर किती वेळ लागला ते सबमिशनच्या पानावर दिसतं. दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर आधी मशीन दुरुस्त करा, टाइम लिमिटला मग हात लावा. लिमिट ठेवताना परीक्षकांच्या सर्वांत हळू जावा सोल्यूशनच्या दुप्पट तरी ठेवा.

जजहोस्ट बसवणं हे या सॉफ्टवेअरचं सर्वांत किचकट काम. टीमचा कोड वेगळ्या कोंडवाड्यात, म्हणजे क्रूटमध्ये, चालतो आणि मेमरीवर सीग्रुपचा (लिनक्सची मर्यादा घालायची सोय) पहारा असतो. जुनी आवृत्ती नव्या उबुंटूवर टाकली की सीग्रुपची पद्धत जुळत नाही आणि जजडीमन, म्हणजे जजहोस्टवरचा मुख्य प्रोग्राम, सुरूच होत नाही. ताजी स्थिर आवृत्ती घ्या, कर्नलच्या सेटिंग्ज मॅन्युअलप्रमाणे भरा, मशीन रीबूट करा. रीबूट हमखास विसरतात. क्रूट तयार होताना पॅकेजेस इंटरनेटवरून उतरतात, म्हणून हे काम लॅबचं नेट बंद करण्याआधी उरका. आणि क्रूटमधला कंपायलर टीमच्या मशीनवरच्या कंपायलरच्याच आवृत्तीचा आहे ना, ते बघा. टीमच्या पीसीवर नवा जीसीसी (सी++चा कंपायलर) आणि क्रूटमध्ये जुना असला की स्वतःकडे व्यवस्थित चाललेला कोड जजकडे कंपाइल एरर देतो. पायथन साधा आहे की पायपाय (पायथनची वेगवान आवृत्ती), हेही कंपाइल स्क्रिप्ट उघडून बघा आणि टीम्सना आदल्या दिवशीच सांगा. त्यावर वेळेत कित्येक पटींचा फरक पडतो.

प्रॉब्लेम झिप करून चढवायचा असतो: माहितीची फाइल, उघडे नमुने, गुप्त टेस्ट आणि परीक्षकांची सोल्यूशन्स. सोल्यूशन्स बरोबर, चुकीची, हळू अशा वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली की डॉमजज स्वतःच ती चालवतं आणि अपेक्षेपेक्षा वेगळा निकाल आला की दाखवून देतं. ही सोय एकटीच या सॉफ्टवेअरचं मोल वसूल करते. चुकीची सोल्यूशन्स लिहायचा कंटाळा करू नका. इंटिजर ओव्हरफ्लो होणारं एक आणि एन-वर्ग (इनपुटच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात) वेळ घेणारं एक, एवढी तर हवीतच. तीही पास झाली तर तुमच्या टेस्ट कच्च्या आहेत.

टीमचं उत्तर बरोबर उत्तराशी ताडून बघणारा डीफॉल्ट कम्पेअर मात्र ओळखून घ्या. तो जादा स्पेस आणि लहान-मोठं अक्षर बघत नाही. ‘यस’ कसंही लिहिलं तरी चालतं. दशांश उत्तरांना मात्र सवलत द्यायला त्याला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ०.५ आणि ०.५० यांतही चूक निघते. विंडोजवर बनवलेल्या टेस्ट फाइल्समध्ये ओळीच्या शेवटी जादा अक्षर बसतं. सी++चा साधा इनपुट ते गिळतो, पण ओळ वाचून स्ट्रिंग तुलना करणारा कोड तिथे आपटतो. सगळ्या फाइल्स लिनक्सवरच तयार करा. मोठी टेस्ट चढत नसेल तर बहुधा डेटाबेसची पॅकेट मर्यादा आडवी येत असते; मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ती मुळात १६ एमबी असते. अ‍ॅडमिनच्या ‘कॉन्फिग चेकर’ पानावर हे लाल-पिवळ्यात लिहिलेलं असतं. ते पान कॉन्टेस्टच्या आधी पूर्ण हिरवं करा. आमची मोठी तक्रार हीच: पान उघडून बघितलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःहून हटकत नाही.

जजहोस्टची डिस्क भरली किंवा कम्पेअर स्क्रिप्ट फुटली तर ‘इंटर्नल एरर’ नोंदवून ते होस्ट किंवा तो प्रॉब्लेम बाजूला काढला जातो. ज्युरीच्या (परीक्षकांच्या) पानावर ते लाल दिसतं, टीमला फक्त ‘पेंडिंग’ दिसत राहतं. एका माणसाचं पाच तास काम तेवढंच ठेवा: रांग आणि तो लाल आकडा बघणं. चहा त्याच्या टेबलावर आणून द्या.

लॉगिनसाठी पासवर्डऐवजी आयपी पत्त्यावरून टीम ओळखायची सोय आहे आणि ती मोहात पाडते. पण लॅबचं नेटवर्क डीएचसीपीवर (पत्ते आपोआप वाटणारी पद्धत) असेल आणि मधेच वीज गेली, तर परत आल्यावर १७ नंबरच्या पीसीला १८ चा पत्ता मिळू शकतो. मग एका टीमचं सबमिशन दुसरीच्या खात्यात जातं आणि ते निस्तरता निस्तरता तास जातो. पत्ते प्रत्येक पीसीच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधून टाका, नाहीतर मुकाट्याने पासवर्डच्या चिठ्ठ्या पाकिटात घाला. विजेचं म्हणाल तर गुरुवार हा पुण्यात महावितरणचा देखभालीचा वार. सराव फेरी मुद्दाम गुरुवारी ठेवली तर जनरेटरची परीक्षा फुकटात होते. जनरेटर भार उचलेपर्यंतच्या काही सेकंदांसाठी सर्व्हर, जजहोस्ट आणि स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत. स्विच कायम विसरला जातो. खरंच वेळ गेलाच तर कॉन्टेस्टमधून तेवढा कालखंड वजा करता येतो, पण त्याचे आकडे शांतपणे दोघांनी मिळून भरावेत.

प्रॉब्लेम सुटला की टीमला त्या प्रॉब्लेमच्या रंगाचा फुगा देतात; त्यासाठीचं फुग्यांचं पान उत्तम आहे. कुठला रंग, कुठली टीम, कुठलं टेबल, एका ओळीत. टीमच्या ‘लोकेशन’मध्ये ‘लॅब ३, ओळ ब, ७’ असं भरलं नसेल तर मात्र पोरं फुगा घेऊन मजलेभर फिरतात. फुगे बोहरी आळीत घाऊक मिळतात, पण मिक्स पाकीट घेऊ नका, एकाच रंगाची पाकिटं मागा. दहा प्रॉब्लेमना दहा रंग निवडताना केशरी आणि लाल, किंवा दोन निळे घेतलेत तर ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. ६० टीम्सना सर्वांत सोप्या दोन रंगांचे ७०-७० घ्या, कारण काही फुटतातच. सोपा कुठला हे परीक्षकांचं मत असतं आणि ते चुकतं, म्हणून मधल्या रंगांचेही ४०-४० असू द्या. हेलियमची गरज नाही, काठी पुरते.

टीमला आपला कोड छापून घ्यायची सोयही आहे, पण त्यामागे सहसा एनस्क्रिप्ट हा छपाईचा प्रोग्राम लावतात आणि त्याला देवनागरीसाठी लागणारं यूटीएफ-८ कळत नाही. टीमचं नाव ‘बाजीराव मस्त आहे’ असं देवनागरीत असेल तर स्क्रीनवर छान दिसतं आणि कागदावर कचरा येतो. प्रिंटच्या डोक्यावर टेबल नंबर छापा. पानांची मर्यादाही घाला, नाहीतर कुणीतरी अख्खी आउटपुट फाइल पाठवून प्रिंटर अडवून ठेवतं.

पर्याय म्हणून सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं पीसी-स्क्वेअर आहे. जावावर चालतं, विंडोजच्या लॅबमध्ये पटकन उभं राहतं, आणि २० टीम्सच्या आंतरकॉलेज फेरीला पुरेसं आहे. दिसायला मात्र जुनाट, आणि सहसा टीमच्या प्रत्येक मशीनवर बसवावं लागतं. डॉमजजला टीमकडे ब्राउझर असला की झालं.

स्कोअरबोर्डची लिंक मात्र कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. पान दर अर्ध्या मिनिटाला स्वतः ताजं होतं. शेकडो फोन त्याच सर्व्हरवर धडकले की सर्व्हरवर पानं बनवणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस संपतात आणि टीम्सचं सबमिट बटण गोल गोल फिरत बसतं. बाहेरच्यांसाठी बोर्डाची स्थिर प्रत वेगळ्या मशीनवर ठेवा. प्रोजेक्टरच्या लॅपटॉपवर ज्युरीचं लॉगिन अजिबात नको, कारण ज्युरीला फ्रीझनंतरचाही खरा बोर्ड दिसतो आणि एका चुकीच्या टॅबने शेवटच्या तासाची सगळी गंमत सभागृहात सांडते.

बक्षिसांच्या वेळी निकाल एकेक करून उलगडायला आयसीपीसीचं रिझॉल्व्हर हे सॉफ्टवेअर वापरा. त्यासाठी आधी कॉन्टेस्ट ‘फायनलाइझ’ (निकाल पक्का) करावी लागते, आणि एकही सबमिशन जज व्हायचं राहिलं असेल तर ती होत नाही. अनफ्रीझची, म्हणजे बोर्ड आपोआप खुला होण्याची, वेळ रिकामी ठेवा. तिथे संध्याकाळचे सहा भरलेत आणि पाहुण्यांचं भाषण लांबलं, तर भाषण चालू असतानाच विद्यार्थी आपापल्या फोनवर निकाल वाचून मोकळे होतात.