रस्ट, नऊ महिन्यांनंतर: भाषा ठेवली, टार्गेट फोल्डर पुसला

पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या याद्या काढणारा माझा प्रोग्राम रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आहे. ३० मार्चला रात्री साडेअकरा वाजता त्याचा बिल्ड (कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करणं) पडला. व्याजाच्या हिशोबात एका ओळीची दुरुस्ती केली होती, बाकी काही नाही. संध्याकाळी तोच प्रोजेक्ट व्यवस्थित चालला होता. पडद्यावर आलं ते असं: 'लिंकिंग विथ सीसी फेल्ड', त्याखाली पानभर फाइलींची नावं, आणि अगदी तळाला 'एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ७, बस एरर'. पतसंस्थेच्या सचिवांचा फोन आधीच येऊन गेला होता. "ताई, सकाळी अकराला संचालकांची मीटिंग आहे. ठेवीदारांच्या याद्या दहापर्यंत हातात पाहिजेत."

बस एरर वाचून मी मेमरीच्या मागे लागले. ब्राउझर बंद केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, एकावेळी एकच जॉब चालेल असं सांगून पाहिलं, लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) बदलून पाहिला. शेवटी टूलचेनच, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा कंपायलर आणि त्यासोबतची साधनं, बिघडली असेल म्हणून ती नव्यानं टाकायला घेतली, तर ती अर्ध्यात थांबली. पण खरं कारण तिनंच सांगितलं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क भरली होती. लिंकर तयार होणारी फाइल मेमरीत मॅप करून लिहितो. लिहिता लिहिता डिस्कवर जागा संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) त्याला थेट सिग्नल ७ देऊन बंद करतो, त्यामुळे जागा संपल्याचं सांगायला लिंकर उरतच नाही. हे मला माहीत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. माझे पावणेदोन तास गेले, तेही मार्चएंडला. हा अनुभव लिहायला बसले ती त्यामुळेच. तुम्हाला लिंक करताना सिग्नल ७ दिसला, तर दुसरं काही करण्याआधी डिस्कवर किती जागा आहे ते बघा.

माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, त्यातले १०० जीबी लिनक्सला दिलेले. रस्टमध्ये माझे सहा प्रोजेक्ट आहेत, सगळे छोटे. मी हातानं लिहिलेला कोड सगळा मिळून ३ एमबीसुद्धा भरत नाही. त्या रात्री फोल्डरवार जागा मोजली, तेव्हा या सहा प्रोजेक्टांचे टार्गेट फोल्डर (बिल्डमधून तयार होणारा सगळा माल तिथे साठतो) मिळून ४१ जीबी झाले होते. एकट्या याद्यांच्या प्रोजेक्टचे १३. आकडा मी दोनदा तपासला. भाऊ म्हणाला, पाच-सहा हजारांत मोठी एसएसडी येईल, घेऊन टाक. मी घेतली नाही. ३ एमबी कोडसाठी डिस्क विकत घ्यायची, हे मला पटत नाही.

एवढं साठतं कसं, ते नीट समजून घेतलं. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधताना करायच्या बिल्डमध्ये) प्रत्येक क्रेटसोबत, म्हणजे कोडच्या पॅकेजसोबत, पूर्ण डीबग माहिती साठते. फक्त बदललेला भाग पुन्हा कंपाइल करता यावा म्हणून असलेला इन्क्रिमेंटलचा फोल्डर वेगळा. एखाद्या क्रेटची आवृत्ती बदलली की नवीन फाइली येतात, पण जुन्या जात नाहीत. रस्टची नवीन आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते. कंपायलर बदलला की सगळं पुन्हा कंपाइल होतं, आणि आधीच्या कंपायलरचं सगळं तिथंच पडून राहतं. मी दर वेळी इमानेइतबारे अपडेट करत होते. रस्टचं बिल्ड करणारं साधन म्हणजे कार्गो. त्याचा कार्गो चेक (फक्त चुका तपासणारा) आणि कार्गो बिल्ड यांचा माल एकमेकांना चालत नाही, म्हणजे तोही दोनदा.

त्यात भर माझ्याच एका दुरुस्तीची होती. डिसेंबरात मला वेगळाच त्रास होता. टर्मिनलमध्ये बिल्ड दिला की 'ब्लॉकिंग वेटिंग फॉर फाइल लॉक ऑन बिल्ड डिरेक्टरी' एवढी एक ओळ यायची आणि सगळं थांबायचं. एडिटरमधला रस्ट ॲनालायझर फाइल सेव्ह केली की मागे स्वतःचा चेक चालवतो, त्या चेकनं फोल्डरला कुलूप लावलेलं असतं. उपाय सोपा होता: ॲनालायझरच्या सेटिंगमध्ये त्याला स्वतंत्र टार्गेट डिरेक्टरी दिली. थांबणं बंद झालं, मी खूश झाले. पण त्या दिवसापासून सगळ्या क्रेट्सचा आणखी एक संच डिस्कवर जमा होऊ लागला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तो उपाय चुकीचा नाही, आजही मी तो ठेवला आहे. पण करण्याआधी जागेचा हिशोब करा.

आता मी रस्टकडे का आले, ते सांगते, नाहीतर हे सगळं नुसतं गाऱ्हाणं वाटेल. याद्यांचा हा प्रोग्राम आधी सी प्लस प्लसमध्ये होता. गेल्या जूनमध्ये एका खातेउताऱ्यावर भलत्याच ठेवीदाराचं नाव छापून आलं. तीनशे उताऱ्यांत एक. ते गृहस्थ कागद घेऊन संस्थेत आले, आणि सचिवांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मला फार वाईट वाटलं, कारण आकडे त्यांचेच होते, फक्त नाव दुसऱ्याचं. शोधायला तीन दिवस लागले. व्हेक्टरमधल्या (वाढत जाणाऱ्या यादीतल्या) एका खात्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मी धरून ठेवला होता, आणि मधल्या एका ओळीत त्याच व्हेक्टरमध्ये नवीन वारसदाराची नोंद ढकलली होती. व्हेक्टरला जागा कमी पडली की तो सगळा माल नव्या जागी हलवतो. माझा पॉइंटर जुन्या जागेकडेच बघत राहिला. बहुतेक वेळा जागा पुरायची, म्हणून बहुतेक वेळा नाव बरोबर यायचं.

जुलैत तोच भाग रस्टमध्ये लिहिला. सवयीनं पुन्हा तशीच चूक केली. कंपायलरनं बिल्ड होऊ दिला नाही. चूक क्रमांक ई०५०२. हा व्हेक्टर बदलण्यासाठी उसना घेता येणार नाही, कारण तो वाचण्यासाठी आधीच उसना दिलेला आहे. खाली तीन खुणा: इथे घेतलास, इथे बदलायला निघालास, आणि पुढे इथे पुन्हा वापरतोस. तीन दिवस जे शोधलं, ते तीन ओळींत समोर. मी तो पडदा बराच वेळ बघत बसले होते.

पहिले दोन महिने मात्र मी या भाषेला खूप बोल लावले. दर दहा ओळींमागे ई०३८२, म्हणजे किंमत दुसरीकडे देऊन टाकली आणि मग पुन्हा मागितली. मी चिडून सगळीकडे क्लोन लावत गेले. कंपायलर शांत झाला, पण प्रोग्राम जड झाला, कारण प्रत्येक नावाची तीन-तीनदा नक्कल होत होती. ऑक्टोबरात बसून एकेक क्लोन काढला. बहुतेक ठिकाणी इलाज एकच निघाला: फंक्शनला स्ट्रिंग (मजकूर) न देता तिचा संदर्भ द्यायचा. ई०५०२ ला बहुतेकदा संदर्भाऐवजी इंडेक्स (यादीतला क्रमांक) धरून ठेवला की काम होतं. आणि नेटवरचे जुने सल्ले जपून वाचा. रस्टच्या २०१८ च्या एडिशनआधी उसनवारी ब्लॉक संपेपर्यंत टिकायची, म्हणून लोक जास्तीचे कंस घालायला सांगत. आता ती शेवटच्या वापरापाशी संपते. ते कंस घालण्यात माझा एक अख्खा रविवार गेला, काही गरज नव्हती.

मराठी मजकुराचं काम करणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं. पासबुकाच्या रकान्यात नाव बसावं म्हणून मी ते पहिल्या २० बाइट्सवर कापत होते. 'कुलकर्णी' आलं आणि प्रोग्राम पॅनिक झाला, म्हणजे चूक सांगून थांबला: बाइट २० ही अक्षराची सीमा नाही, ती 'ण'च्या आत आहे, बाइट १८ ते २१. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट्स घेतं. कुलकर्णीत चिन्हं आठ, म्हणजे २४ बाइट्स. सी प्लस प्लसमध्ये हेच कापणं मुकाट्यानं व्हायचं आणि छापताना शेवटी चौकोन यायचा. मग मी चिन्हं मोजून कापायला लागले, तर सातव्या चिन्हावर 'कुलकर्ण' छापलं गेलं, कारण शेवटची वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह आहे. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते मोजायला युनिकोड सेगमेंटेशन नावाचं क्रेट घ्यावं लागतं, भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत ते नाही. इथे मी तक्रार करणार नाही. लोकांची नावं अर्धवट छापण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला बरा.

आकड्यांचंही तसंच. शाखेतून आलेल्या फाइलीत कुणीतरी खाते क्रमांक '१२०४' असा मराठीत टाइप केला होता. पार्सनं (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शननं) उत्तर दिलं, 'इनव्हॅलिड डिजिट फाउंड इन स्ट्रिंग'. गंमत अशी की हा आकडा आहे का असं विचारलं तर इझ न्यूमेरिक हो म्हणतं, पण त्याची किंमत मागितली तर टू डिजिट नाही म्हणतं, त्याला फक्त इंग्रजी आकडे चालतात. दहा आकड्यांचा तक्ता करून मीच बदलून घेते. हीच चूक दुसऱ्या कारणानंही येते. एक्सेलमधून सेव्ह केलेल्या फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते, आणि ती ट्रिमनं जात नाही, कारण ती रिकामी जागा मानली जात नाही. त्यामुळे कायम पहिलीच नोंद नाकारली जायची. नेहमीच्या पद्धतीनं छापून बघितलं तर काहीच दिसत नाही. डीबगच्या पद्धतीनं, म्हणजे कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह घालून छापलं, की तिचा कोड लगेच दिसतो. आता अडलं की मी सगळ्यात आधी तेच करते.

एका गोष्टीबद्दल मी ऋणी आहे. पैशाच्या हिशोबात चूक नको म्हणून सगळ्या रकमा मी रुपयांऐवजी पैशांत ठेवते. एकूण ठेवींची बेरीज मी आय३२ (३२ बिटांची पूर्ण संख्या) मध्ये करत होते. तिथे मावणारी मोठ्यात मोठी संख्या, पैशांत धरली तर, २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. संस्थेच्या ठेवी त्याच्या वर आहेत. डीबग बिल्डनं पहिल्याच चाचणीत 'अटेम्प्ट टू ॲड विथ ओव्हरफ्लो' म्हणून थांबवलं. पण लक्षात ठेवा, रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठीच्या) ही तपासणी मुळात बंद असते, तिथे बेरीज उलटी फिरून वजा आकडा येतो आणि प्रोग्राम पुढे चालतो. मी आय६४ केलं आणि रिलीज प्रोफाइलमध्येही ओव्हरफ्लो चेक्स चालू केले. पैशाचं काम असेल तर तुम्हीही करा. वेग कमी झालेला मला तरी जाणवला नाही.

तर पुन्हा टार्गेट. त्या रात्री जुन्या प्रोजेक्टांत कार्गो क्लीन (टार्गेट पुसणारी आज्ञा) चालवलं, २६ जीबी मोकळे झाले, बिल्ड पहिल्या झटक्यात झाला. रात्री दीडला याद्या निघाल्या, सकाळी साडेनऊला सचिवांच्या हातात होत्या. त्यानंतर एप्रिलमध्ये केलं ते असं. डेव्ह प्रोफाइलमध्ये (डीबग बिल्डच्या सेटिंगमध्ये) डीबग माहिती फक्त ओळींच्या तक्त्यापुरती ठेवली. पॅनिक झाला तर फाइल आणि ओळ कळते, मला तेवढं पुरतं. परक्या क्रेट्सची डीबग माहिती पूर्ण बंद केली. सगळ्या प्रोजेक्टांना एकच सामाईक टार्गेट डिरेक्टरी दिली, म्हणजे त्याच आवृत्तीचं तेच क्रेट सहा वेळा साठत नाही. दोन बिल्ड एकदम चालवले तर एकाला थांबावं लागतं, पण मी एकटीच आहे, मला चालतं. रस्टअपमधून (टूलचेन टाकणाऱ्या साधनातून) ऑफलाइन डॉक्युमेंटेशनचा भाग काढला. आणि दर सहा आठवड्यांनी टूलचेन अपडेट केली की लगेच क्लीन, मग पहिल्या बिल्डला वेळ लागला तरी चालेल.

माझी तक्रार मात्र कायम आहे. रस्टच्या १.८८ आवृत्तीपासून कार्गो घरच्या फोल्डरमधला डाउनलोड केलेला माल तीन महिने वापरला नाही तर स्वतःहून काढून टाकतं. म्हणजे जुनं ओळखून काढणं त्याला जमतं. मग ज्या कंपायलरनं बनवलं तो मशीनवर उरलाच नाही, असा माल टार्गेटमध्ये वर्षभर का पडून राहावा? ज्यांच्याकडे १ टीबीची डिस्क आहे त्यांना हे कधी कळणारही नाही. जिल्ह्याच्या गावात जुन्या मशीनवर काम करणाऱ्याला ते ऐन मार्चएंडला कळतं.

सी प्लस प्लसची जुनी आवृत्ती मी गेल्या आठवड्यात मशीनवरून काढली. भलत्याच नावाचा तो उतारा मात्र फाइलला लावून ठेवला आहे. आज सकाळी टार्गेट मोजला, ५.२ जीबी. पुढच्या अपडेटला पुन्हा मोजेन.