बाहेर लाल, आत पांढरं: साडेसतरा हजारांच्या वायरी

कापसाचे चुकारे आले तेव्हा हिंगणघाटहून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणले. बाबांना तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं टीव्हीवर नीट ऐकायची होती. आवाज झकास लागला, पण एक भजन संपून दुसरं सुरू होईपर्यंत स्पीकरमधून नुसतं घूंऽऽ यायचं. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मोटर कोणं चालू ठेवली रे?"

त्या घूंवर इलाज शोधत मी नागपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, सिस्टीम चांगली आहे, वायरी भंगार आहेत." मग आतल्या एसी खोलीत आधी साध्या वायरीवर गाणं लावलं, नंतर अंगठ्याएवढ्या जाड, जाळीदार केबलवर. आवाज खरंच खुलला. तबल्याची शाईसुद्धा ऐकू येते असं वाटलं. केबल बदलताना रिमोट त्याच्या हातात होता आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आकड्यांपुढे तो स्वतः उभा होता, हे मला घरी आल्यावर आठवलं. त्याने आवाज वाढवला हे शपथेवर सांगता येणार नाही. पण नंतर मी लहान भावाला रिमोट देऊन तोच खेळ केला. केबल एकच, फक्त त्याने गुपचूप दोन घर आवाज वाढवला, आणि मी छातीठोकपणे म्हणालो, "ही वायर जास्त साफ आहे."

तर खरेदी अशी: 'शुद्ध तांब्याची' 4 चौरस मिमीची स्पीकर केबल 9,500, टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची आरसीए केबल 3,800, आणि करंट 'स्वच्छ' करणारा निळ्या लाइटचा डबा 4,200. पैसे फोनवरून दिले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर 'केबल सेट' लिहून दिलं. तिथेच उठायला हवं होतं.

घरी सगळं जोडलं. घूं जशीच्या तशी.

आमच्या गावात मोटर रिवाइंडिंग करणारे एक काका आहेत. केबलचं टोक कापायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गुंडाळी हातात घेऊन नुसती वरखाली केली. "बाबू, हे तांबं नोय." एक तार ब्लेडने खरवडली. वरून लाल, आत पांढरीफटक. तिथूनच दुकानदाराला फोन लावला, तर पठ्ठ्या म्हणतो, आत चांदी आहे सर! काका हसून हसून बेजार. चांदीचा मुलामा तांब्यावर बाहेरून देतात, आत कोण लपवील? शिवाय चांदी तांब्याहून जड. त्यांच्याकडे तार वजनावरच येते, म्हणून काटा तिथंच होता. एका बाजूची एक मीटर उघडी तार ठेवली. 4 चौरस मिमी तांबं असतं तर साधारण 36 ग्रॅम भरलं असतं. भरलं 13. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचं पातळ कातडं होतं ते.

आणि गंमत अशी की आवाजात तरी काय फरक होता? 5 मीटरची वायर, 8 ओहमचे स्पीकर. खरं तांबं घातलं असतं तरी कानाला कळलं नसतं. (अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली ढिलं होतं, तारा तुटतात, ते वेगळं.) आता काकांकडची साधी 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर लावली आहे.

डबाही काकांनी उघडला. आत एमओव्हीची, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका गिळणाऱ्या पार्टची, निळी टिकली आणि वायरीचे तुकडे, म्हणजे साधा स्पाइक गार्ड. डीपीवर लोड आला की आमच्याकडे 180 व्होल्ट येतात. मीटर लावून पाहिलं, डब्यातून बाहेरही 180च.

घूं कुठून येते ते शोधायला काकांनी एकच गोष्ट केली: सेटटॉप बॉक्सच्या मागून छत्रीची वायर काढली. घूं बंद. परत लावली, घूं चालू. छत्रीचं लोखंड छतावर, अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग अंगणात, आणि दोन्हींमधला करंट आरसीए केबलच्या जाळीतून फिरत होता. केबल सोन्याची आणली असती तरी फिरलाच असता. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एक चौकोनी झाकणाचं भोक होतं, आरसीए काढून त्यात साडेतीनशे रुपयांची ऑप्टिकल केबल गेली. तिच्या टोकाला लाल उजेड दिसतो. त्यातून नुसता उजेड जातो, करंट जायला धातूच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साध्या डिजिटल स्टिरिओवर) ठेवला आणि घूं संपली.

मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. पक्कं बिल नव्हतं, पण फोनवरच्या पेमेंटची नोंद आणि खरवडलेल्या तारेचे फोटो होते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही दुकानदाराला कळवलं. आठवड्याने त्याने स्पीकर केबलचे 9,500 परत टाकले. बाकीच्यावर अजून "पाहू सर" चालू आहे.

डबा टीव्हीखालीच आहे. आई त्यावर मोबाइल चार्ज करते, रात्री त्याचा निळा उजेड बरा पडतो म्हणते.