लेझर घ्यावं की प्लाझ्मा? हिंगणा, बुटीबोरीच्या फॅब्रिकेशन शेडसाठी

नागपूरजवळच्या एमआयडीसीत शेड आहे, गॅस कटिंगवर आता भागत नाही आणि सीएनसी (संगणकावर चालणारं) कटिंग मशीन घ्यायचं मनात आहे: लेझर, नाहीतर प्लाझ्मा (विजेने तापवलेल्या वायूच्या झोताने कापणारं). विक्रेता वॅटेज आणि वेग सांगेल. त्याआधी मागच्या सहा महिन्यांच्या चलनांतून दोन आकडे काढा: कोणत्या जाडीची प्लेट किती टन कापली, आणि कापलेला तुकडा पुढे कुठे गेला, वेल्डिंगला, बेंडिंगला की टॅपिंगला (भोकात आटे पाडायला). आमच्या मते मशीनच्या किमतीपेक्षा हे दोन आकडे जास्त खरं बोलतात.

6 मि.मी.पर्यंतची शीट, भरपूर भोकं आणि पुढे बेंडिंग असेल तर फायबर लेझरला तोड नाही. त्याची चीर (कापताना पडणारी फट) मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी, प्लाझ्माची दीड ते तीन मिलिमीटर. 3 किलोवॅटचं लेझर ऑक्सिजनवर 16 मि.मी.पर्यंत एमएस (साधं पोलाद) कापतं, पण जाडी वाढली की वेग झपाट्याने पडतो. 12 मि.मी.च्या पुढच्या बेस प्लेट, गसेट (सांध्याला बळ देणाऱ्या प्लेट), स्ट्रक्चरल काम हे प्लाझ्माचं राज्य. गंजलेली प्लेटही तो निमूट कापतो. लेझरला गंज आणि पपुद्रे सोसत नाहीत, मध्येच कट सुटतो.

प्लाझ्माची खरी अडचण भोकात आहे. कड दोन ते पाच अंश तिरकी येते. 10 मि.मी. प्लेटला तीन अंश धरले तरी भोकाच्या वरच्या आणि खालच्या व्यासात एक मिलिमीटरचा फरक पडतो. भोक जाडीच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर ड्रिल करा. शिवाय एअर प्लाझ्मात हवेतला नायट्रोजन कडेत मुरतो आणि कड कडक होते. टॅप तुटतात, वेल्डमध्ये छिद्रं पडतात. ग्राइंडिंग करून तो थर काढावाच लागतो, आणि ती मजुरी कोटेशनमध्ये कुणी धरत नाही.

चालू खर्चात लेझरची गंमत गॅसवर ठरते. एमएसला ऑक्सिजन एक बारच्या आसपास पुरतो. स्टेनलेसची कड चकचकीत हवी तर नायट्रोजन 12 ते 15 बारने सोडावा लागतो. तेव्हा 7 घनमीटरचा सिलिंडर 10 ते 20 मिनिटांत रिकामा होतो. स्टेनलेसचं काम रोजचं असेल तर लिक्विड टँकचा हिशेब आधीच करा. प्लाझ्माला नोझल आणि इलेक्ट्रोड लागतात. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा ठिपका असतो. तो 1 मि.मी. खोल झिजला की बदला, रेटून वापरलात तर टॉर्च (प्लाझ्माचं कापणारं तोंड) जाते. कंप्रेसरनंतर ड्रायर नसेल तर हवेतला ओलावा इलेक्ट्रोड लवकर खाऊन टाकतो.

आता नागपूरच्या हवेचं. मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. लेझरचा चिलर (पाणी फिरवून मशीन थंड ठेवणारं यंत्र) किती तापमानाच्या खोलीसाठी आहे हे कोटेशनवर लिहून घ्या, त्याला सावली आणि मोकळी हवा द्या, पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्डच भरा. पावसाळ्यात उलटा त्रास. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली की दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. चिलर 22 वर ठेवला तर लेझर सोर्समध्ये (जिथे किरण तयार होतो) दव धरतं आणि महागडा सोर्स कायमचा बिघडू शकतो. सोर्सचं कॅबिनेट एसीत ठेवा, पाण्याचं तापमान मशीनवाल्याच्या मर्यादेत वर घ्या आणि मशीन बंद करताना चिलरही बंद करा. प्लाझ्मा इतका नाजूक नाही.

लेझर घेतलं की धंद्याचा रोख बदलतो. ग्राहक डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी पॅनल बॉक्स, ब्रॅकेट मागतो. दोन शिफ्ट भरतील इतकं काम असलं तरच हप्ता निघतो. नसेल तर आधी सहा महिने कटिंग बाहेर जॉब वर्कवर द्या. दर कापलेल्या मीटरवर आणि प्रत्येक पिअर्सिंगवर (कट सुरू करताना पाडलेल्या छेदावर) लागतो. उरलेलं भंगार कुणाचं, हे पहिल्याच चलनावर लिहून घ्या. टनावारी मालात ती रक्कम बारीक नसते.

डेमोला जाताना स्वतःचं ड्रॉइंग आणि स्वतःच्या अंगणातली थोडी गंजलेली 10 मि.मी. प्लेट घेऊन जा. तिच्यात 10.2 मि.मी.चं भोक कापायला सांगा आणि तिथेच एम12 चा (12 मि.मी. बोल्टच्या आट्यांचा) टॅप हाताने फिरवून बघा.