रस्त्यावरचे चेहरे टिपायचेत, तर २८ घेऊ की ५०?

एकच प्राइम लेन्स (म्हणजे झूम नसलेली) घ्यायचीय, बजेट एकीचंच आहे, आणि काढायची आहेत रस्त्यावरची माणसं. मग जास्त रुंद दृश्य घेणारी २८ मिमी की कमी रुंद ५० मिमी, गाडी हमखास इथे येऊन अडते. (क्रॉप बॉडी, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा असणाऱ्यांनी १८ आणि ३५ समजून वाचा.) शार्पनेस, कोटिंग, वजन वगैरेवर मी काही बोलत नाही, ते सगळीकडे आहे. मला एवढंच बघायचंय की माणसाच्या चेहऱ्यावर जे चाललंय, वैताग, कंटाळा, मध्येच फुटलेलं हसू, ते कुठल्या लेन्समध्ये नीट उतरतं. दोन्ही भरपूर वापरल्यात, हल्ली पिशवीत एकच असते.

५०ची बाजू आधी मांडतो कारण ती खरंच भक्कम आहे. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं बहुतेक काम ५०वरचं आहे, त्यामुळे ५०ने स्ट्रीट फोटोग्राफी होत नाही असं कोणी म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करा. नाक-कपाळ ताणलं जात नाही, मागचा पसारा एफ २ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलं की, विरघळून जातो, आणि तुम्ही थोडे लांब असता म्हणून समोरच्याला चाहूल लागायच्या आत काम होऊन जातं. तुळशीबागेत घासाघीस करणाऱ्या काकू बघा, ओठ दाबलेला, एक भुवई वर, पाय निघायच्या तयारीत पण नजर अजून वस्तूवरच. असला चेहरा ५० फार सुंदर देते. लाजाळू माणसाला तर वरदानच.

मग माझं कुठे बिनसलं? दादरच्या फूलबाजारात. हिशोब साधा आहे, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) आडवी फ्रेम धरून माणूस साधारण डोक्यापासून कमरेपर्यंत बसवायचा तर २८ला तुम्ही एक मीटरवर असता आणि ५०ला पावणेदोन-दोन मीटरवर. कागदावर हा फरक काहीच नाही वाटत, पण सकाळच्या दादरमध्ये दोन माणसांच्या मध्ये पावणेदोन मीटर जागा मोकळी राहते का हो? तिथून कोणीतरी जातंच. पाठीवरची सॅक, डोक्यावरची पाटी, मोबाईलवर बोलत मध्येच थांबलेला एखादा दादा, आणि नेमकं जेव्हा समोरच्या मावशी गिऱ्हाईकाकडे बघून कपाळाला हात लावतात तेव्हाच. मागे सरकावं तर मागे हातगाडी. घरी येऊन बघावं तर फोल्डरभर अर्धवट खांदे आणि कोपरं, आणि त्यांच्या फटीतून दिसणारा चांगला चेहरा. लेन्सचा काही दोष नाही, ती मोकळ्या रस्त्यावर उत्तमच चालते, पण आपले रस्ते तसे नाहीत. २८ घेऊन एक मीटरवर उभं राहिलं की मध्ये शिरायला कोणाला जागाच उरत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला, बाकीची कारणं नंतर सापडली असंही म्हणा हवं तर.

पण त्यातलं एक कारण मोठं आहे. दसऱ्याच्या दुपारी बाजारात जाऊन बघा, सकाळी चढ्या भावात गेलेला झेंडू दुपारी कोणी विचारत नाही. एक बाई गोणीवर बसून दिवसाच्या चुरगळलेल्या नोटा मोजतेय, पिवळ्या झालेल्या बोटांनी एकेक सरळ करत. ५०ने काढलं तर एक थकलेला चेहरा मिळतो, छानच, पण ती कशाने थकलीय ते कळत नाही. २८ने तीच बाई काढली की मागे न विकलेला झेंडूचा ढीग येतो, त्याला तोंड लावणारी गाय येते, शेजारी टोपल्या आवरणारा नवरा येतो. आता त्या नोटा मोजण्याला अर्थ आला. भावना एकट्या चेहऱ्यात असतेच असं नाही, निदान बाजारात तरी.

फोकसचंही तेच. २८ एफ ८ वर (छिद्र लहान) ठेवून फोकस २ मीटरला लॉक केला की साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं चालून जातं, बघायचं आणि दाबायचं. ५०ला तीच सेटिंग लावली तर हातात जेमतेम पाऊण मीटरचा पट्टा, म्हणजे ऑटोफोकसच्या भरवशावर राहणं आलं, आणि हसू काही त्यासाठी थांबत नाही.

आता २८चा त्रास पण ऐका. लोकांना तुम्ही दिसता. "ओ, कशाला फोटो काढताय?" हे ऐकायची तयारी हवी, आणि कोणी नको म्हटलं की कॅमेरा खाली, वाद घालायचा नाही. यावर माझा उपाय म्हणजे माणसाला फ्रेमच्या मधोमध न ठेवता जरा बाजूला ठेवायचं, त्याला वाटतं आपण मागचं दुकान काढतोय आणि तो आपल्या नादात राहतो. मात्र फार कडेला नेलंत तर डोकं ताणलं जातं, हे अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर विनोग्रँडसारख्या २८वाल्यालाही चुकलं नसणार.

एक मुद्दा मित्र नेहमी काढतात, की मोबाईलचा मेन कॅमेरा २४-२६च्या आसपास असतोच, मग पुन्हा २८वर पैसे कशाला, ५० घे. बरोबर आहे, आणि मोबाईलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही हा फायदा वेगळाच. पण संध्याकाळी लालबागच्या गल्लीत फोटो काढलात की मोबाईल स्वतःच्या मनाने सगळ्या सावल्या उजळवून ठेवतो, आणि पिवळ्या बल्बखाली बसलेल्या माणसाचा जो काही मूड होता तो ट्यूबलाइटमध्ये आल्यासारखा होतो. रॉमध्ये (मोबाईलने काही फेरफार न केलेल्या फाइलमध्ये) काढा म्हणतील, पण गर्दीत तेवढं कोण करतंय.

त्याच लेन्सने बारसं, मुंज, पोरांचे वाढदिवसही काढायचे असतील तर सरळ ५० घ्या, नातेवाइकांची नाकं मोठी आली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. फक्त रस्त्यासाठी असेल तर मी २८कडे झुकेन. तरी घाई नको, क्रॉप कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स घरात पडलेलीच असेल, तिची झूम रिंग १८वर चिकटपट्टीने बंद करा, गणपतीचे दिवस तेवढ्यावर काढा आणि मग पैसे घाला.