एस७-१२०० पीएलसी: बिघाड शोधणाऱ्याच्या नजरेतून

सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतील १२१४सी हा पीएलसी (यंत्र चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक) निवडताना त्याच्या १४ डिजिटल इनपुट आणि १० आउटपुटांइतकाच विचार, यंत्र बंद पडल्यावर तो काय सांगतो, याचाही करावा. या कसोटीवर तो मला अतिशय भरवशाचा वाटतो. दर्शनी भागावरील रन/स्टॉप, एरर आणि मेंटेनन्स हे तीन दिवे पहिली दिशा देतात. पण खरे महत्त्व डायग्नोस्टिक बफरचे आहे, कारण त्यात शेवटच्या ५० घटना वेळेसह नोंदलेल्या असतात आणि वीज गेली तरी त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या १० पुसल्या जात नाहीत. रात्रपाळीत सीपीयू स्टॉपमध्ये गेला असेल, तर सकाळी आलेल्या देखभाल तंत्रज्ञाला ऐकीव माहितीवर अवलंबून राहावे लागत नाही. पीएलसीमधला वेब सर्व्हर आधीच चालू करून ठेवला असल्यास हा बफर साध्या ब्राउझरमध्येही वाचता येतो. इतकी उपयोगी सोय अनेक ठिकाणी बंदच ठेवलेली असते, हे खटकते.

रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) आउटपुटाच्या प्रकारात एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आउटपुटाचा दिवा प्रोग्रॅमचा आदेश दाखवतो, रिलेचे संपर्क प्रत्यक्षात जुळले की नाही ते दाखवत नाही. त्यामुळे दिवा लागूनही कॉन्टॅक्टर (मोटरसारख्या मोठ्या भाराची वीज जोडणारा स्विच) ओढत नसेल, तर प्रोग्रॅममध्ये हात घालण्यापूर्वी टर्मिनलवर मल्टीमीटर लावावा. पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिण्याचे टीआयए पोर्टल हे सॉफ्टवेअर मात्र जड आहे, आणि नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून यंत्र ताब्यात घेतानाच मूळ प्रकल्पाची प्रत आणि आवृत्तीचा क्रमांक पुरवठादाराकडून मागून घ्यावा.